कातळवाडीला न वळलेली बस

कातळवाडीच्या फाट्यावर चालक नसलेली बस थांबली आणि तिने विचारलं, "वाडीत प्रवासी थांबले आहेत. आत वळू का? थोडा उशीर होईल." नव्या बस अशा वेळी प्रवाशांचंच मत घेत.

वृंदा खानविलकर विज्ञानाच्या शिक्षिका. त्यांना प्रात्यक्षिक परीक्षेला वेळेवर पोचायचं होतं. त्यांनी 'नको'चं बटण दाबलं. एका मताने 'नको' जिंकलं आणि बस सरळ निघाली.

परीक्षा संपत आली, तेव्हा संपदा आणि करिश्मा धापा टाकत प्रयोगशाळेच्या दारात आल्या. पाय लाल मातीने भरले होते.

"मॅडम, बस वाडीत आलीच नाही. चालत आलो. बसू देता?"

वृंदाबाईंचा चेहरा उतरला. "बसा," एवढंच त्या म्हणाल्या. बाकीची मुलं गेल्यावरही त्या थांबल्या आणि दोघींची परीक्षा घेतली.

"तुम्ही होतात म्हणून आमचं वर्ष वाचलं," संपदा म्हणाली. "चला ना मॅडम, एकाच बसने जाऊ."

खरं सांगायला वृंदाबाईंनी तोंड उघडलं, पण मग टेबल पुसायचं फडकंच उचललं.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसत राहिल्या. त्या मुलींच्या शेजारी बसायचं धैर्य त्यांना झालं नाही.