जोडपंच हवं

मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर उन्हाळाभर राबलं, की चाकांवरचं घर उभं करायला फुकट जागा मिळायची, वीजपाण्यासकट. अट एकच, कामाला जोडपंच हवं. घर विकून गाडीत राहायला आलेल्या व्हर्नाला ही जागा सुटून चालणार नव्हती. नवऱ्याच्या वाटचं सरपणही तीच फोडायची. "हार्लनची कंबर धरलीये, आत पडलाय," असं मॅनेजरला सांगायची.

समोरच्या गाडीतला लॉइडही बायकोच्या वाटचे संडास एकटाच धुवायचा. "अर्धशिशी आहे तिला, उजेड सोसत नाही," म्हणायचा.

एका दुपारी व्हर्ना तिच्यासाठी वाडगाभर सूप घेऊन गेली. लॉइड दारातच आडवा आला.

"झोपलीये गं. उठली की देतो."

"सरक रे, मी उठवते. बाईला बाईची कसली लाज!"

आत पलंगावर एकच उशी होती.

"मॅनेजरला सांगू नकोस," लॉइड पुटपुटला. "जायला दुसरी जागा नाही मला."

व्हर्नाने वाडगा त्याच्या हातात दिला.

 

"कोणत्या तोंडाने सांगू? माझ्याही गाडीत एकच उशी आहे."