कडेवरचा गौरेश

टाइमलाइन पुन्हा गायब झाली.

सकाळी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि तनयाच्या पडद्यावरचे सगळे खण जागा बदलून बसले. रंगांची पेटी उजवीकडे गेली, थरांची यादी एका चिमुकल्या बाणामागे लपली. तो बाण सापडेपर्यंत चहा गार झाला. ज्याने तो तिथे ठेवला त्याला आयुष्यात कधी घाई झालेली नसावी.

तनयाला मात्र घाई होती. संध्याकाळी आईची साठी. डिचोलीच्या त्यांच्या घरापुढे मांडव चढत होता आणि दिवेलागणीनंतर तिथल्या पांढऱ्या पडद्यावर आईच्या आयुष्याची कार्टून फिल्म दाखवायची होती. लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढून मार खाल्लेली तनया आता त्याच धंद्यात होती, म्हणून बाबांनी हे काम तिच्यावर टाकले होते.

आईचे माहेर केरीचे. समुद्र, फेरीबोट, लग्न, सगळे छान जमले होते. अडचण पुढच्या प्रसंगात होती. तिथे आईच्या कडेवर गौरेश होता.

गौरेश तनयाचा थोरला भाऊ. खाणीच्या जाहीर सुनावणीत तो माईकसमोर उभा राहिला आणि धुळीबद्दल घसा बसेपर्यंत बोलला. पहिल्याच रांगेत बाबा बसले होते आणि बाबांचे ट्रक त्याच खाणीवर चालत. घरी आल्यावर बाबांनी त्याची बॅग दाराबाहेर ठेवली. त्याला चार वर्षे झाली. गौरेश मांद्र्याला एका गेस्टहाऊसवर काम करायचा. घरात त्याचे नाव कोणी घेत नसे. आई घ्यायची, पण फोनवर, आणि तेही परसात जाऊन.

आज आईला तो निदान चित्रात तरी दिसावा, एवढाच तनयाचा हट्ट होता. चारचौघांत बाबा ओरडणार नाहीत, असा तिचा हिशेब होता. म्हणून तिने हे कोणालाच सांगितले नव्हते.

मागे चपला वाजल्या. तिने घाईघाईने केरीचा समुद्र पुढे आणला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बाबा उभे होते.

"झाला?"

"जाता बाबा. थोडाच रवलाहा."

ते हलले नाहीत. त्यांनी घसा खाकरला, खिडकीबाहेर पाहिले.

"गौरेशाक काढ," ते म्हणाले.

म्हणजे पाहिलेच त्यांनी! चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव आले आणि तेही अशा कामासाठी.

"बाबा, आईक—"

"काढ म्हटलंय मा गो. आणि आईक सांगू नको."

एवढे बोलून ते भराभर निघून गेले. बाबांना दुसऱ्यांदा विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

तनयाला रडू आले, पण राग त्याहून जास्त आला. बाबांवर काढता येईना म्हणून तो माऊसवर निघाला. तिने गौरेशच्या थरापुढचे डोळ्याचे चिन्ह बंद केले. बाळ पडद्यावरून गेले. सुटले म्हणून तिने चाचणीसाठी फिल्म बाहेर काढून पाहिली, तर हा आपला आईच्या कडेवर हसत हजर. डोळा मिटला की फक्त काम करणाऱ्याला दिसत नाही, बघणाऱ्याला दिसते, हे त्या शहाण्यांनी कुठे लिहिले नव्हते.

मग पुसण्याशिवाय इलाज उरला नाही. पण बाळावर टिचकी मारावी तर आईचा हात निवडला जाई. कुलपाचे चिन्ह इतके बारीक की लागले की उघडले तेच कळेना. एकदा बाळाबरोबर आईचा खांदाही गेला.

"तनया, उंडो आणि भाजी ठेवतंय गो." पाव-भाजीची बशी घेऊन आई दारात होती. "डोळे कित्याक लाल तुझे?"

"स्क्रीन बघून, आई. तू भायर जा, आत्ता बघू नको."

"बरा बाये. खा मात्र," म्हणत आई हसत परतली. तनयाला स्वतःची लाज वाटली.

तिने एकेक चौकट घेऊन भावाला पुसले. कडेवरचा गेला, शाळेच्या गणवेशातला गेला, आईला चुलीपाशी चिडवणारा गेला. रिकाम्या हवेला धरलेले आईचे हात तिने सरळ करून खाली सोडले. 'नक्की पुसायचे का?' असे ते यंत्र प्रत्येक वेळी विचारत होते. घरात तेवढे तरी कोणीतरी विचारत होते. शेवटी तिने सेव्ह केले. नव्या फिल्मची पट्टी रडतखडत पुढे सरकली आणि अंगणात पाहुण्यांच्या गाड्या लागत असताना कशीबशी पूर्ण झाली.

मांडवात दिवे मालवले. आई पुढे मधोमध बसली, शेजारी बाबा. बाबांनी पलीकडच्या खुर्चीवर हात ठेवून ती अडवून धरली होती. तनयाने बटण दाबले. केरीच्या समुद्रावर आईचे नाव उमटले आणि टाळ्या पडल्या.

तेवढ्यात फाटकापाशी मोटरसायकल थांबली. हेल्मेट काढून एकजण आत आला आणि मांडवाच्या खांबापाशी घुटमळला. आईच्या तोंडून अस्फुट हाक आली. गौरेश होता.

बाबा उठले. सगळ्यांच्या देखत त्याचे मनगट धरून त्यांनी त्याला पुढे आणले. पडद्यावर फेरीबोट किनाऱ्याला लागत होती. पुढचा प्रसंग येतच होता.

"फोन केलंय तसो इलंस, बरा केलंस," बाबा म्हणाले. "बस हंय आईकडेन. ह्या पिक्चरात तुकापण काढूक सांगलंय मी तनयाक."