मिटलेली मूठ

“रे-प्यु-टे-बल.” नवसू गुरुजींनी फॉर्मवरच्या शब्दाखालून बोट फिरवलं.

“रेप्युटेबल!” ओटीवरची नऊ पोरं एका सुरात ओरडली. गुरुजींच्या वर्गाची रीतच ती. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत आईच्या नावाने ‘रखमीबाई वाचनालय’ काढलं होतं आणि त्या पाटीखाली रोज दुपारी हा वर्ग भरायचा.

समोर बसलेली रविना हसली. सकाळी खर्डीहून निघून, शहापूर, मुरबाड करत ती धसईच्या एसटीने आली होती. नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. फॉर्मसोबत कुणा ‘रेप्युटेबल’ व्यक्तीचं पत्र हवं होतं आणि उद्या शेवटचा दिवस होता.

“म्हंजे मोठा माणूस ना, गुरुजी?” छोट्या अंजूने विचारलं.

“मोठाच पाहिजे असं नाही गो. ज्याचं चार लोकांत नाव चांगलं, ज्याच्या शब्दावर विसंबता येतं, तो. दुकानाला लागतं, डॉक्टरला लागतं, माणसालाही लागतं. पण एक ध्यानात ठेवा. हे विशेषण कुणी स्वतःला लावत नाही. ते लोकांनी द्यायचं.”

“मंग तुमाला दिला आमी!” अंजू म्हणाली. पोरं खिदळली.

गुरुजींनी नजर वळवली. वाटेपलीकडे एक रिकामं जोतं होतं, करवंदीच्या जाळीत बुडालेलं. दुपारचं ऊन तिथे टेकलं की त्यांना ती दिसायची. हिरवं लुगडं, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. अठ्ठेचाळीस वर्षं ती तशीच उभी राहायची. बोलायची नाही. मूठही उघडायची नाही.

“खर्डीत कुणी भेटलं नाही पत्र द्यायला?” त्यांनी विचारलं.

“भेटला असता. पण आजी म्हणायची, कधी कुणाचा शब्द लागला तर नवसू गुरुजींचाच आण. मी सावळीची नात, गुरुजी.”

गुरुजींच्या हातातलं पेन थबकलं. “सावळी... कशी आहे?”

“गेली. म्हयना झाला. तुमचा लय नाव घ्यायची. तुमी नसते तर पाड्यावरनं जिती सुटले नसते, म्हणायची.”

ते तर पाड्यावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या वर्षी तापाने तीन पोरं दगावली आणि ही कुण्या बाईचीच करणी, असं ठरलं. भगताने दर घरच्या बाईकडून मूठभर तांदूळ मागवले. नवसू तेव्हा वीस वर्षांचा, पाड्यावर लिहिता-वाचता येणारा एकटाच. त्याने चिठ्ठ्यांवर बायांची नावं लिहिली आणि तांदळासोबत पळसाच्या पानांत बांधली. भगताला अक्षरओळख नव्हती, म्हणजे लबाडीला जागाच नाही. भगताने डोळे मिटून एक पुडी उचलली. नवसूने चिठ्ठी उघडली आणि नाव वाचलं, सावळी. बाकीच्या पुड्या ओढ्यात सोडल्या.

लोक काठ्या घेऊन वाटेपलीकडच्या सावळीच्या घरावर धावले तेव्हा हाच नवसू आडवा आला. डोक्याला सात टाके पडले, पण तिला एसटीत बसवूनच परतला. हिरव्या लुगड्यातली सावळी उजवी मूठ घट्ट मिटून बसली होती. तेव्हापासून पाड्यावर त्याचा शब्द शेवटचा.

चिठ्ठी मात्र त्या झटापटीत हरवली. दुसऱ्या दिवशी नवसूने तिचं अंगण दोनदा झाडून काढलं होतं.

गुरुजींनी पत्र लिहिलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं. सही करून त्यांनी कागद रविनाच्या हातात दिला.

“आणि ह्ये.” तिने पिशवीतून एक कापडी पुरचुंडी काढली, चारी बाजूंनी शिवलेली. “तुमच्या हातनं पडलेली ती चिठ्ठी आजीनं उचलली होती. तिला वाचता नाय यायचा. म्हणायची, माझा नाव जन्मात येकदाच कुणी कागदावर लिवला, तो पण गुरुजींनी. त्यांच्यासमोरच उसव, म्हणाली.”

“ठेव इथे. मी बघेन नंतर.” गुरुजींनी हात पुढे केला.

“तुमी कशाला डोळ्यांना तरास देता? मला येतो की वाचता.” तिने दातांनी दोरा तोडला.

“एसटी चुकेल तुझी, पोरी.”

“साडेचारला हाय. लय टाइम हाय अजून.”

गुरुजींनी वाटेपलीकडे पाहिलं. ती जोत्यावर उभीच होती. आज तिची मूठ उघडी होती, रिकामी.

रविनाने पिवळा पडलेला कागद गुडघ्यावर सपाट केला. तिने वर पाटीकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. मग अक्षरांखालून बोट फिरवत, सावकाश, मोठ्याने वाचलं.

आणि रीतीप्रमाणे ओटीवरची नऊ पोरं एका सुरात ओरडली, “रखमी!”