चपला आत

गाणं ऐन भरात आलं होतं आणि तेवढ्यात नारपोलीची लाइट गेली. भिंतीपलीकडच्या कारखान्यातले कापड विणायचे लूम एकदम गप्प झाले.

ठकुबाईच्या खोलीतली मंडळी लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून गायला सरावलेली. खडखडाट थांबला तरी पुढची ओळ तशीच गळा फाडून गायली गेली आणि येशूचं नाव गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. पास्टर चांगदेवांनी दोन्ही हात हलवून सगळ्यांना गप्प केलं. माणसाला भिऊ नका, देवावर भरवसा टाका, असा उपदेश त्यांनी आत्ताच घाम फुटेस्तोवर केला होता. आता नुसता घाम उरला होता.

पास्टरांचा भरवसा कसला, ते ठकुबाई वर्षभर बघत होती. प्रार्थना रविवारी संध्याकाळी, कारण लूमला सुट्टी शुक्रवारची, आणि लूम चालू असले की गाणं बाहेर जात नाही. स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावायची. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणायचं. आणि दारात चपलांचा ढीग दिसला की लोक चौकशी करतात, म्हणून ज्याने त्याने आपल्या चपला आत आणून खाटेखाली सारायच्या. देवाकडे यायचं आणि तेही चोरासारखं! पण ठकुबाई बोलत नव्हती. खोली भाड्याची, मालक चिंधू. त्याला कळलं आणि त्याने बाहेर काढलं, तर नातीला घेऊन पुन्हा दापोड्याच्या गोदामामागं पत्र्याच्या झोपडीत जायची पाळी. म्हणून तीही मुकाट चपला आत घ्यायची.

दारावर थाप पडली. चिंधूचाच आवाज.

पास्टरांची पाचावर धारण बसली. शास्त्र पिशवीत, पिशवी मांडीखाली, आणि कुजबुजत हुकूम सुटला की कोणी विचारलं तर मुलगी बघायला आलोय म्हणायचं. मुलगी म्हणून त्यांनी बोट दाखवलं ते सुकन्येकडे. ठकुबाईची नात, अजून कॉलेजात जाणारी. पास्टरच सांगतायत म्हटल्यावर पोरीने ओढणी डोक्यावर घेतली आणि मान खाली घातली.

ठकुबाईने दार उघडलं. चिंधू मोबाइलचा उजेड पाडत आत आला आणि एकेकाच्या तोंडावर तो फिरवत, कसली गाणी चालली होती म्हणून विचारू लागला. पास्टरांच्या जिभेवर कुठून एवढा मध आला कोण जाणे. आम्ही कशेळीचे, मुलगी बघायला आलो, पसंतही पडली, आमची मंडळी जरा हौशी, त्या आनंदात गायली, असं ते न अडखळता बोलून गेले. उपदेशात मात्र दर दोन वाक्यांना अडखळायचे. ठकुबाईला किळस आली.

चिंधूने उजेड सुकन्येवर धरला. "सोयरीक जमवतंस आनि मला बोलली न्हायस, ठकुबाय?"

सुकन्येने मान आणखी खाली घातली. किती सफाईने घातली! खोटं बोलायचं नाही, मार खावा लागला तरी नाही, हे त्या पोरीला ठकुबाईनेच शिकवलं होतं. आणि आज तिच्याच घरात, प्रार्थनेच्या चटईवर बसून, एक बाप्या तिला खोटं वागायला शिकवत होता. ठकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुलगी बघायला कोन न्हाय आला," ती म्हणाली. "आमी प्रार्थनेला बसलोय. मी येशूची हाय."

पास्टरांनी डोळे मिटले. प्रार्थनेसाठी नक्कीच नाही.

चिंधूने उजेड ठकुबाईवर वळवला. मग म्हणाला, "ह्ये आधी सांगितलं असतंस तर खोली दिली नसती."

"म्हून तर सांगितलं न्हवतं. भ्याले व्हते."

"आनि आता?"

"आता न्हाय."

सकाळी बोलू, एवढंच म्हणून चिंधू निघून गेला. त्याची पाठ वळताच पास्टर बोलते झाले. बाईंनी घात केला, अक्कल नावाची चीज नाही, पुढच्या रविवारी दुसरीकडे जागा बघावी लागेल. ठकुबाईचं छप्पर जायची वेळ आली होती आणि ह्यांना जागेची पडली होती.

तेवढ्यात लाइट आली. लूम एकामागून एक सुरू झाले आणि खोली पुन्हा खडखडाटाने भरली. पास्टर ताडकन उठले, दोन्ही हात वर केले आणि हे प्रभू, तू आम्हाला सिंहाच्या जबड्यातून सोडवलंस, म्हणून भिंती हादरतील अशा आवाजात उपकार मानू लागले.

ठकुबाई खाटेखाली वाकली. आपल्या चपला काढून तिने दाराबाहेर नेऊन ठेवल्या. मग दुसऱ्यांच्याही उचलून नेल्या. सुकन्येने डोक्यावरची ओढणी काढली, उठली आणि आपल्या चपला स्वतः नेऊन आजीच्या चपलांशेजारी ठेवल्या. शेवटी राहिले पॉलिश केलेले काळे बूट. ते ठकुबाईने सगळ्यांच्या पुढे, गल्लीतून जाणाऱ्याला आधी दिसतील असे मांडले, आणि दार सताड उघडं ठेवून ती आत आली.

"पास्टर," ती लूमच्या वर आवाज चढवून म्हणाली, "तुमचे बूट भायेर हायत. घालून जायचं तर आताच जा. न्हायतर ऱ्हाऊ द्या तितंच."