चाकं नसलेली जीप

"वहिनी, ही जीप जंगलात जाऊन आलीय," मेकॅनिक म्हणाला, तेव्हा मी हसले. "अहो, अजून चाकं बसायचीत!"

जीप आमच्याच गॅरेजात, ठोकळ्यांवर उभी आहे. हे रोज नकाशावर पेन्सिलीने जंगलमोहिमेची वाट थोडी पुढे नेतात, आणि सकाळी जीपवरचा ओला चिखल थोडा वर चढलेला असतो.

"थांबवा हो हे," मी हात जोडले.

"वेडाबाई, फडका मार," हे म्हणाले.

आज पेन्सिल नदीत शिरली. आत्ता जीपच्या दारांतून पाणी गळतंय. मागच्या सीटवर बाळाचा मोजा आहे, मघाशी मीच त्याच्या पायात घातलेला, चिंब भिजलेला.

बाळ आतल्या खोलीत निजलंय. काहीच आवाज नाही. माझं पाऊल उचलत नाहीये. तुम्ही जरा पाळण्यात बघता का?