आज तरी पट्टा लावा

कल्पिताचा फायदा सरळ होता. नवऱ्याची, धनेशची, विजेची गाडी दिवसा छतावरच्या सोलरवर भरायची, संध्याकाळी तीच वीज लाइनीला परत द्यायची, की महिन्याचं बिल शून्य. चौल गावात सगळे तिला हुशार म्हणत. खरा फायदा मात्र तिने कोणाला सांगितला नव्हता.

वीज परत जाऊ लागली की बंद गाडीत टिणटिण वाजे. चालकाने सीटचा पट्टा लावला नाही की वाजते, तीच. धनेशने जन्मात पट्टा लावला नव्हता. त्याला जाऊन वर्ष झालं होतं.

“अगो, सगली बॅटरी रिकामी करतेस,” सासू सोनूबाई म्हणाली. “उद्या अलिबागला चालत जाशील काय?”

“मला कुठं जायचंय, आई?”

त्या संध्याकाळी कल्पिता चालकाच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तिने स्वतःचा पट्टा लावला.

“आज तरी लावा हो,” ती म्हणाली.

टिणटिण थांबली.

सोनूबाई चहा घेऊन आली तेव्हा गाडीच्या पडद्यावर नऊ युनिट परत गेल्याची नोंद होती. बॅटरी तर काठोकाठ भरलेली. बॅटरीतून काहीच गेलं नव्हतं. पुढचे दोन्ही पट्टे लावलेले होते, छातीवरून ताणावेत तसे फुगलेले.

सीटांवर कोणीच नव्हतं.