टायर भरेपर्यंत

जनार्दनने खिळा उपसून भोकात रबराची दोरी ठोसली, स्वस्तातल्या कॉम्प्रेसरचे चिमटे मोटरसायकलच्या बॅटरीला लावले आणि इंजिन चालू ठेवलं. मागचा टायर पार बसला होता. "वीस मिनिटं लागतील," तो बायकोला, इंदुमतीला म्हणाला.

तेवढ्यात इंदुमतीच्या भावाचा फोन आला. त्यांचे वडील, अण्णा, पहाटे गेले होते. "ताई, कुठवर आलीस? दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचाय." इंजिनाच्या आवाजात तिला धड ऐकू येईना. तिने हातानेच खूण केली, बंद करा. त्याने किल्ली फिरवली. भाऊ रडत होता, ती त्याला समजावत राहिली. यंत्र बॅटरीवर घरघरतच राहिलं.

टायर भरला. जनार्दनने स्टार्टर दाबला. नुसतं टक झालं.

"आणखी मागवा असली यंत्रं घरबसल्या," ती कडाडली. "पंक्चरवाले काय मेले होते?"

इंजिन बंद ठेवून हवा भरली तर बॅटरी उतरते, हे खोक्यावर लिहिलेलं होतं. ते जनार्दननेच तिला वाचून दाखवलं होतं. आता तिला ते आठवलं; बंद करायची खूण तिनेच केली होती.

दोघांनी तीनदा गाडी ढकलून पाहिली. माळावरच्या त्या रस्त्याला वाहन असं फिरकत नव्हतं. ऊन पिवळं पडलं.

तिने भावाला फोन लावला. "उचला अण्णांना. माझ्यासाठी थांबू नका."

जनार्दन घामाघूम होऊन अजून गाडी रेटतच होता.

"बसा जरा," ती म्हणाली. "आता घाई नाही."